वासराच्या छातीभोवतीची फीत

गांधीबाग म्हणजे नागपूरचा कापडबाजार. गज, वार आणि पुढे मीटर, असा मोजमापाचा व्यवहार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिंप्याच्या गळ्यात लटकणारी कापडी फीत मात्र याच विदर्भातल्या गोठ्यांत निराळ्या कामी येते : वासराचे वजन काढण्याच्या.

काट्यावर निमूट उभे राहणारे वासरू विरळा. तसा काटा असणारा गोठा त्याहून विरळा. म्हणून शेफर यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र रूढ झाले. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००. मापे इंचांत, उत्तर पौंडांत. घेर ४० आणि लांबी ३६ असेल तर वजन १९२ पौंड, म्हणजे सुमारे ८७ किलो. वासराचे धड हे एक आडवे पिंप, एवढीच त्यामागची कल्पना! १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, तेव्हा सेंटिमीटर-किलोच्या हिशेबात ३०० च्या जागी सुमारे १०,८४० हा भाजक आला.

पण वजन हवे कशाला? नागपूर-वर्ध्याच्या गवळाऊ गाईला हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलाच नसता. मराठी फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असे मानले जाते. तिची परीक्षा चालीवर होई. मोल बैलाला होते. साहजिकच गोऱ्ह्याची बडदास्त मोठी आणि कालवड दुय्यम. शहरांची दुधाची मागणी वाढली तसा आईच्या दुधात आणखी एक वाटेकरी आला. १९४१ मध्ये वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले, तेव्हा गाय दुधालाही परवडली पाहिजे हाच कळीचा मुद्दा होता.

येथे फितीचे मोल कळते. कोवळ्या वासराला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दूध द्यावे, असा संकेत आहे. वजनच ठाऊक नसेल तर त्याचा वाटा ठरवायचा कसा? संकरित कालवड सुमारे २५० किलोंची झाली की पहिल्या रेतनास योग्य मानतात. जन्मवेळी २५ किलो असलेली कालवड रोज ४१७ ग्रॅम वाढली तर हा टप्पा १८ महिन्यांत गाठते. ३०० ग्रॅमच वाढली तर २५ महिने लागतात. वरचे सात महिने चारा जातो आणि दुधाचा थेंब नाही. डोळ्यांना ही तूट दिसत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला वासरू वाढतानाच दिसते. महिन्यागणिक वहीत टिपलेला आकडा ती दाखवतो.

मात्र संकरित गाईचा आकडा गवळाऊला लावणे हा तिच्यावर अन्यायच. सडपातळ बांध्याच्या या जातीला २५० ची अट घातली तर धडधाकट कालवडही खुरटलेली ठरेल. तिच्यासाठी त्याच जातीच्या प्रौढ गाईच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग धरावा लागतो. आणि तो धरायचा तर आधी हेटीकुंडीसारख्या पैदास केंद्रांत आणि आर्वी-कारंजाच्या गोठ्यांत गवळाऊ गाईंनाच फीत लावावी लागते.