विद्युत एककांतील दशमान उपसर्ग : इतिहास आणि बारामती-इंदापूर परिसरातील व्यवहार

प्रस्तावना :
विद्युत एककांचे शुद्ध लेखन हा केवळ भौतिकशास्त्राचा विषय मानला जातो. वस्तुतः तो मापनव्यवस्थेच्या इतिहासाचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात या उपसर्गांची जडणघडण व बारामती-इंदापूर परिसरातील त्यांचा व्यवहार यांचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
फ्रान्सने १७९५ मध्ये दशमान पद्धती स्वीकारली, तेव्हा किलो व मिली हे उपसर्ग रूढ झाले. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने मेगा व मायक्रो यांचा अवलंब केला. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके निश्चित झाली. १९६० मध्ये एसआय पद्धतीने गिगा, नॅनो, पिको यांना मान्यता दिली. त्यामुळे 'मायक्रो-मायक्रोफॅरड' असा दुहेरी उपसर्ग जाऊन 'पिकोफॅरड' हे सुटसुटीत रूप आले. एका एककास एकच उपसर्ग, हा नियम त्यातूनच दृढ झाला. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापांना वैधानिक अधिष्ठान मिळाले.

स्थानिक संदर्भ :
इंदापूर तालुक्यात पाणीसाठा पसरलेल्या उजनी धरणाच्या जलविद्युत केंद्राची क्षमता १२ मेगावॅट, म्हणजे १ कोटी २० लाख वॅट आहे. रोमन लिपीत मेगासाठी मोठा 'एम' व मिलीसाठी लहान 'एम' वापरतात. अक्षर चुकल्यास शंभर कोटी पटींचा फरक पडतो. मराठीत 'मे.वॅ.' व 'मि.वॅ.' यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. 'किलो'चा 'के' मात्र लहानच हवा. मोठा 'के' केल्व्हिन या तापमान-एककाचा आहे.

याउलट, शेतीपंपाची भाषा आजही अश्वशक्तीची आहे. २०२४ ची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनाही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठीच आहे. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणून ५ अश्वशक्तीचा पंप ३.७३ किलोवॅटचा ठरतो. मोटारीतील ऱ्हास वगळता तो ८ तासांत सुमारे ३० युनिट वीज घेतो. 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास, किलोवॅट नव्हे. शक्ती आणि ऊर्जा यांची ही गल्लत झाली, तर मीटर नसलेल्या पंपांच्या वापराचा अंदाज, आणि त्यावर आधारलेला अनुदानाचा हिशेबही चुकतो.

निष्कर्ष :
कायद्याने एकके बदलली, तरी व्यवहारातील माप सावकाश बदलते. महाविद्यालयीन अध्यापनात उपसर्गांची सारणी पाठ करून घेण्यापेक्षा शेतकऱ्याचे वीजबिल, रोहित्रावरील केव्हीए व पंपावरील अश्वशक्ती परस्परांत रूपांतरित करून दाखवणे अधिक उपयुक्त ठरेल. अचूक एककलेखन ही सार्वजनिक हिशेबाची पहिली पायरी आहे.