क्लचप्लेटची धूळ

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना ‘प्रीमियर’ हे नाव अजून कानांवर पडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला होता. १९५० च्या दशकात तेथे फियाट ११०० जुळवली जाऊ लागली आणि तीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ होता. १९९० च्या दशकात त्यात प्यूजो ३०९ तयार होत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. पण हौसेने जपलेल्या गाड्या आहेत, आणि क्लच गेला की इमारतीखालीच गिअरबॉक्स उतरवणारे मालकही आहेत. त्या क्लचच्या पोटात काय असते, याचा इतिहास आम्हाला येथे पाहायचा आहे.

इंजिन फिरत असते, चाके थांबलेली असतात. या दोघांची गाठ हळूहळू घालून द्यायची, हे क्लचचे काम. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या दाबाने पकडलेली चकती म्हणजे क्लचप्लेट. पेडल दाबले की पकड सुटते. पेडल सोडताना चकती क्षणभर घसरते, मग घट्ट बसते. या घसरण्याची किंमत मोजावी लागते. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग कायम ठेवून गाडी सुरू केली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होते, मग पेडल सावकाश सोडा किंवा झटकन. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सिद्ध करायला जरूर सांगावे.) माणसांसह ११०० किलोग्रॅमची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाला आणताना सुमारे ४२०० ज्यूल उष्णता निर्माण होते. एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला तेवढी लागते. शीळफाट्याच्या कोंडीत हे किती वेळा घडत असेल, ते पाहा. चढावर हाफ क्लचवर गाडी थोपवून धरली तर इंजिनाने दिलेली सगळीच ऊर्जा चकती तापवण्यात जाते.

सुरुवातीच्या मोटारींत कोनाच्या आकाराचे, चामडे लावलेले क्लच असत. चामडे कडक झाले की गाडी हिसका देई, मग त्याला तेल पाजायचे. तेल जास्त झाले की घसरे, मग मुलतानी मातीसारखी भुकटी टाकायची! इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड याने १८९७ पासून ब्रेकसाठी चांगले घर्षण-साहित्य शोधायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो ॲस्बेस्टॉसकडे वळला. हे खनिज तंतुमय, विणता येणारे, न जळणारे. राळेत बांधलेल्या या तंतूंमुळे कोरडी, सपाट, एकाच चकतीची क्लचप्लेट टिकाऊ झाली. फ्रूडच्या ‘फेरोडो’चे नाव आपल्याकडेही आले. घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना उभा राहिला आणि तेथे ब्रेक व क्लचचे अस्तर बनू लागले.

ज्या गुणामुळे हे तंतू उपयोगी ठरले, त्याच गुणामुळे ते घातकही ठरले. फुप्फुसात शिरलेला तंतू सहजासहजी नष्ट होत नाही. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे रोग बहुधा काही दशकांनी उघड होतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवायला सांगितले. निकाल महत्त्वाचा खरा. पण गॅरेजमधल्या पोऱ्याची नोंद कोणत्या वहीत होणार?

घर्षणाच्या उष्णतेने क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसचा बराच भाग फोर्स्टेराइट या खनिजात बदलतो, हे खरे. सगळा बदलत नाही. म्हणून जुन्या गाडीचा गिअरबॉक्स काढल्यावर घंटेच्या आकाराच्या आवरणात जी काळी भुकटी दिसते, ती ॲस्बेस्टॉसचीच आहे असे धरून चालावे. हवेच्या नळीने ती फुंकणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत, आणि सर्वांत वाईट. भुकटी आधी पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी, फडके ओले असतानाच पिशवीत बांधावे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक कण अडवणारा मास्क हवा. जुनी चकती सँडपेपरने घासून पुन्हा बसवू नये.

बाकीचे काम कष्टाचे, पण समजण्याजोगे आहे. बॅटरीची तार सोडवायची. गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवायचा आणि गिअरबॉक्स आधार देऊन मागे ओढायचा, त्याचे वजन चकतीवर लटकू द्यायचे नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करायचे. नवी चकती ॲस्बेस्टॉसविरहित आहे ना, ते दुकानातच विचारावे. ती बसवताना मध्य साधावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरतच नाही. जुन्या गिअरबॉक्समधला तसाच दांडा त्यासाठी मिस्त्री जपून ठेवतात. रिलीज बेअरिंगही याच वेळी बदलावे, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळे उतरवायला कोणी तयार होत नाही.