उभ्या टर्कीची बखर

शिकागोजवळच्या एका उपनगरात, नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, भाच्याच्या परसात मी एक पक्षी पिपात बसलेला पाहिला. बसलेला म्हणजे खरोखरच बसलेला! पाठ ताठ, पंख मागे खोचलेले, तंगड्या खाली सोडलेल्या. एखादे संस्थानिक अभ्यंगस्नानाला चौरंगावर विराजमान व्हावेत तसा थाट. डोके तेवढे नव्हते. पोटाच्या पोकळीतून तारेची एक उभी तिवई गेलेली होती आणि तिच्या आधाराने बारा पौंडांची ती टर्की पत्र्याच्या पिपात, निखाऱ्यांच्या वर, हिकरीच्या लाकडाचा धूर घेत होती. आदल्या रात्रभर तिला मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते.

"मामा, झाकण उघडू नका. धग जाते," भाचा म्हणाला. मी हात मागे घेतला, पण कुतूहल काही मागे घेता येईना. ओव्हनमध्ये ही मंडळी टर्की उताणी घालतात हे ठाऊक होते. मग येथे तिला उभी का केली?

कारण ऐकले तेव्हा प्रथम ते केवळ स्वयंपाकाचे वाटले. टर्कीची छाती पांढऱ्या मांसाची, तंगडी काळसर मांसाची. छातीचे मांस गाभ्यात १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, झाले की खाण्यास निर्धोक होते. त्याच्या फार पुढे गेले की कापसासारखे कोरडे पडते. तंगडीतल्या चिवट तंतूंना मात्र १७५ च्या पुढे गेल्यावाचून मऊपणा येत नाही. एकाच पक्ष्याच्या अंगी हे दोन स्वभाव! उताणी ठेवली की छाती आधी शिजते आणि तंगडीची वाट पाहता पाहता सुकून जाते. पिपात उभी केली म्हणजे निखाऱ्यांची थेट धग प्रथम तंगड्यांना लागते, छाती त्यापासून दूर राहते. धूर चहूबाजूंनी फिरतो, पोकळीतूनही वर चढतो. कातडीचा कोणताच भाग जाळीवर टेकून ओला राहत नाही. चरबी निथळून निखाऱ्यांवर पडते आणि तिचाच पुन्हा धूर होतो.

पण हे भांडण पक्ष्याने स्वतःहून आणलेले नाही. रानातली टर्की सडपातळ असते, उडते, रात्री झाडावर बसते. तिच्या छातीचा हा डोंगर माणसाने गेल्या शंभर वर्षांत निवडीने वाढविला. मधल्या काळात अमेरिकेच्या शेतकी खात्याने मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे लहान कुटुंबांसाठी व लहान ओव्हनसाठी एक छोटी पांढरी जात मुद्दाम तयार केली होती. ती काही वर्षे चांगली चालली आणि नंतर बाजारातून हटली. जिंकली ती रुंद छातीची पांढरी जात. आज तिच्या नराला छातीच्या भाराने नैसर्गिक समागमही साधत नाही, पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते. म्हणजे पिपातली ती तिवई ही आपणच करून ठेवलेल्या घोटाळ्यावर आपणच काढलेली तोड आहे. असे उद्योग माणूस फार हौसेने करतो.

हा पक्षी मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोकांनी तो स्पॅनिश गलबते येण्याच्या कितीतरी शतके आधी माणसाळविला होता. ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत नराला हुएशोलोत्ल म्हणत. मेक्सिकोतला आजचा 'ग्वाहोलोते' हा शब्द त्याचाच. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तेथून त्याच्या नावाचे हाल सुरू झाले. इंग्रजांना वाटले, तो तुर्कांच्या मुलखातून आला, म्हणून टर्की. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा ठरविला, तर डच भाषेतल्या त्याच्या नावात आपले कालिकत बंदर दडलेले आहे. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. जगाने त्याला निरनिराळ्या देशांची नावे दिली. ज्यांनी तो पाळला त्यांचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

आणि ज्या हिंदुस्थानचे नाव त्याला चिकटले होते, तेथे काय स्थिती होती? १६१२ साली जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याच्या बंदरी पाठविले. फिरंगी मागतील ती किंमत देऊन अपूर्व वस्तू आणाव्यात, असा हुकूम होता. त्याने आणलेल्या प्राण्यांत हा पक्षी होता. बादशहा आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगतो, की असे प्राणी पूर्वी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही कोणास ठाऊक नव्हती! परंतु पाहणारा डोळा मोठा तिखट. पक्षी लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. माजावर आला की पिसारा फुलवून नाचतो. डोक्यामानेचा रंग पोवळ्यासारखा लाल, क्षणात कापसासारखा पांढरा, मग पिरोजासारखा निळा. चोचीवरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. बादशहाने नुसते लिहिले नाही, चित्रही काढविले. उस्ताद मन्सूरने रंगविलेली ती टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. तीही उभीच आहे. पण डोक्यासकट आणि मोठ्या ऐटीत.

तिकडे युरोपात पाळलेल्या टर्कीला इंग्रज वसाहतवाल्यांनी पुन्हा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत नेले. स्वतःच्याच खंडात ती अशी परदेशी पाहुणी होऊन परतली. थँक्सगिव्हिंगचा सण १६२१ च्या ज्या प्लिमथच्या मेजवानीशी जोडतात, तिच्या वर्णनात हरणे आहेत, शिकारीचे पक्षी आहेत. टर्कीचे नाव मात्र नाही. सारा हेल या संपादिकेने अनेक वर्षे लेखण्या झिजविल्या, तेव्हा कोठे १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, लिंकनने राष्ट्रीय सणाचा जाहीरनामा काढला.

पक्ष्याचे हे झाले, धुराचे काय? कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या लाकडी माचणाला स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' म्हटले, आणि बार्बेक्यू हा शब्द त्यातून आला. जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने १५८५ च्या सुमारास कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर अशाच माचणावर मासे भाजताना पाहून चित्र काढले. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे व्हर्जिनियात बार्बेक्यू हा जमीनदारांचा सोहळा झाला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत १७६९ साली अशा एका मेजवानीला जाऊन रात्रभर राहिल्याची नोंद आहे. अशा मेजवान्यांसाठी रात्रभर चर खणून, लाकडे जाळून, निखारे सारखे करीत जागत ते बहुधा निग्रो गुलाम. त्यांची नावे रोजनिश्यांत यावयाची नव्हती.

भाच्याचे शेजारी जॉर्जियातून शिकागोला आलेले एक वृद्ध कृष्णवर्णी गृहस्थ होते. त्यांचे आजोबा गावच्या मेजवान्यांना रात्रभर चरापाशी बसत, असे त्यांनी बोलता बोलता सांगितले. चार तास होत आल्यावर भाच्याने मांडीत तापमापी खुपसली: १७६. छातीत १६३. आणखी थोडा वेळ हवा होता. म्हाताऱ्याने तिकडे लक्षही दिले नाही. त्यांनी तंगडीचे टोक दोन बोटांत धरून हळूच हलवून पाहिले, मान डोलावली आणि लाकडाचा एकही तुकडा आता टाकू नको, अशी खूण केली.

पुढे मांस कापले तेव्हा कातडीखाली गुलाबी पट्टा दिसला. मला वाटले, कच्चे राहिले. भाचा हसला, धुरातल्या वायूचा मांसातल्या रंगद्रव्यावर परिणाम होऊन तो रंग येतो, मामा.

"तुमच्या भाषेत या पक्ष्याला काय म्हणतात?" शेजाऱ्यांनी मला विचारले. मी जरा ओशाळलो. टर्कीच म्हणतात, असे सांगितले. हिंदीत पीरू हे पोर्तुगीज नाव पोहोचले. आम्ही मराठी लोकांनी मात्र पेरू हे नाव अमेरिकेहूनच आलेल्या एका फळाला देऊन टाकले आहे, हेही सांगितले.

"फळाला?" असे म्हणून ते बराच वेळ हसत राहिले आणि छातीचा काप बाजूला सारून त्यांनी माझ्या ताटात अख्खी तंगडी ठेवली.