पुनर्विवाहित मातेचे अपत्य : १८५६ च्या कायद्याचे तिसरे कलम

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा सुधारणेच्या इतिहासात स्मरला जातो तो पहिल्या कलमासाठी. अपत्यांचा प्रश्न मात्र पुढील दोन कलमांत आहे. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील वारसा व पोटगीचा हक्क, जणू ती स्वतःच निवर्तली असे मानून, संपुष्टात आणला. तिसऱ्या कलमाने, पतीने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसल्यास, त्याच्या वडीलधाऱ्यांस अथवा कोणाही पुरुष नातलगास मुलांसाठी पालक नेमून मागण्याची मुभा दिली. मूल निर्धन असेल तर आईची संमती आवश्यक होती. पालक होऊ इच्छिणाऱ्याने पोषण-शिक्षणाची हमी दिल्यास तीही नको. म्हणजे मिळकत असलेले मूल आईपासून तुटण्याचा संभव अधिक!

नाशिक जिल्ह्यातील कुणबी व इतर अनेक जातींत पाटाची चाल पूर्वापार होती; १८८३ च्या गॅझेटियरात तिची नोंद आहे. या जातींना पुनर्विवाहासाठी कायद्याची गरजच नव्हती. तरीही १८९६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने त्यांनाही दुसरे कलम लागू केले. अलाहाबादच्या न्यायालयाचे मत याउलट होते, आणि तेच अधिक न्याय्य म्हटले पाहिजे. मुलगा असता जमीन त्याचीच. निफाड-सिन्नरकडील विधवेस उरे ती पोटगी, व पाट लावताच तीही जाई. १९०४ साली मात्र त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने पुनर्विवाहित मातेस पहिल्या पतीपासून झालेल्या मृत पुत्राचा वारसा मिळतो, असे ठरविले. जिवंत मुलावरील तिचा अधिकार संशयित, मृत मुलाची ती निर्विवाद आई!

विधुरास यांपैकी काहीही सोसावे लागत नसे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांचा पुत्र रघुनाथ अकरा वर्षांचा होता. कर्व्यांना लोकनिंदा पुष्कळ सहन करावी लागली. परंतु पित्याच्या पुनर्विवाहामुळे पालकत्वास बाध येतो, असे कोणताही कायदा म्हणत नव्हता.

मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला आणि हाच प्रश्न आईबाप दोघेही हयात असलेल्या मुलांपुढे आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुलांच्या ताब्याविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास दिला, शक्य तेथे मुलांची इच्छा पाहून. १९५६ च्या पालकत्व कायद्याने अज्ञानाचे हित सर्वोपरी मानले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असेही म्हटले. १८५६ चा कायदा १९८३ साली रद्द झाला. १९५६ च्या कायद्यात पुनर्विवाहाने आईचे पालकत्व जात नाही. मात्र सावत्र पिता अथवा सावत्र माता नैसर्गिक पालक ठरत नाही, मग मूल त्यांच्याच घरी वाढलेले का असेना.