रग्बीचं स्टेडियम भरायला तिकीट स्वस्त करतात, पण मग क्लबला परवडतं कसं?

२००५ साली पॅरिसच्या स्टाद फ्रान्से या रग्बी क्लबने एक उद्योग केला. अध्यक्ष मॅक्स ग्वाझिनी यांनी तुलूजविरुद्धची साधी लीग मॅच आपल्या छोट्या मैदानावरून उचलली आणि थेट स्टाद द फ्रान्सला नेली. (नावात गल्लत नको. पहिला क्लब, दुसरं फ्रान्सचं राष्ट्रीय स्टेडियम.) जागा साधारण ८० हजार. ना फायनल, ना सेमीफायनल. तरी १५ ऑक्टोबरला ७९,५०२ लोक आले.

जमलं कसं? तिकिटं ५ युरोपासून ठेवली होती. शिवाय ग्वाझिनी मूळचे रेडिओवाले, त्यामुळे मॅचभोवती गाणी, आतषबाजी, चीअरलीडर्स असा पूर्ण शोच उभा केला. रग्बीचे नियम न कळणारी माणसंही पोराबाळांना घेऊन आली.

आता हिशेब बघा. रिकामी खुर्ची म्हणजे संध्याकाळी उरलेली भाजी, मॅच संपली की तिची किंमत शून्य. मैदानाचं भाडं, लाइट, खेळाडूंचे पगार हा खर्च तर होणारच आहे. म्हणून स्वस्तात आलेला माणूसही चालतो. तो आत बिअर घेतो, खायला घेतो, पोराला जर्सी घेऊन देतो. आणि टीव्हीवर भरलेला स्टँड दिसला की स्पॉन्सरशी बोलताना क्लबचा आवाज चढतो.

मग सगळंच फुकट का वाटत नाहीत? एक म्हणजे फुकट पासवाला येईलच याचा भरवसा नसतो. पाऊस आला की तो घरी. नाटकवाल्यांना विचारा. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. सीझनभराचं तिकीट आधी पैसे भरून घेणारा प्रेक्षक हा क्लबचा खरा आधार. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पाव किमतीत बसलाय हे त्याला कळलं, की पुढच्या वर्षी तोही सवलतीची वाट बघत बसतो. यावर उपाय म्हणून सवलत सरसकट देत नाहीत. शाळा, स्थानिक क्लबची मुलं, कुटुंबाचं एकत्र तिकीट अशांनाच देतात.

इंग्लंडनेही मोठ्या मैदानाचा फंडा वापरला. हार्लेक्विन्सने २००८ च्या नाताळात घरचं मैदान सोडून जवळच्याच ट्विकनहॅमवर मॅच ठेवली आणि पुढे ती दरवर्षीची प्रथाच झाली. सॅरासेन्सने मार्च २०१५ मध्ये वेम्बलीवर ८४,०६८ प्रेक्षक आणले. पण त्यांच्या घरच्या मैदानाची क्षमता तेव्हा १० हजारांच्या आसपास होती. म्हणजे वेम्बलीला आलेले बहुतेक लोक पुढच्या मॅचला येणार नव्हते, आले असते तर बसायलाही जागा नव्हती. आमच्या मते या सगळ्या प्रकारातली हीच खरी मेख आहे. गर्दी वर्षातून एकदा होते, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे तीन क्लब पैशांअभावी इंग्लंडच्या प्रीमियरशिपमधून बाहेर गेले.

आणि ८० हजारांची गर्दी जमवणारा स्टाद फ्रान्से? २०११ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारात उभा होता. उद्योजक थॉमस सावार यांनी पैसे घातले म्हणून वाचला. आज तो पॅरिसच्याच झाँ-बुआं मैदानावर खेळतो. तिथल्या खुर्च्या सुमारे २० हजार.