मंगळावरील मध्यरेषेचें मैदान

शून्य रेखांश कोठें मानावा हा प्रश्न निसर्गाचा नव्हे, मनुष्याच्या सोयीचा होय. आपल्या पूर्वजांनीं ती रेषा उज्जयिनीवरून नेली. अरबी पंडितांनीं तें नांव उचललें; लेखनाच्या ओघांत त्याचें 'अरीन' झालें आणि पृथ्वीच्या मध्यस्थानाचें नांव म्हणून तें युरोपांत पोंचलें. पुढें १८३० च्या सुमारास बेअर व मेडलर या जर्मन ज्योतिष्यांनीं मंगळाचे रेखांश मोजण्यासाठीं त्याच्या विषुववृत्ताजवळचा एक लहानसा काळा डाग निवडला. १८७७ पासून मंगळाचे नकाशे काढणाऱ्या इटलीच्या स्कियापारेलीनें त्या शून्यस्थानीं 'अरीन' हें नांव लिहिलें. अशा रीतीनें उज्जयिनी मंगळावर गेली! फ्रान्सच्या फ्लामारिओननें मात्र त्या डागास 'मध्यरेषेचा उपसागर' म्हटलें. कारण काळा भाग म्हणजे समुद्र, ही त्या काळची समजूत.

ती समजूत टिकली नाहीं. १९६५ सालीं 'मरिनर ४' या यानानें पाठविलेल्या छायाचित्रांत दिसली ती विवरांनीं भरलेली कोरडी जमीन. उपसागराचें मैदान झालें. आज त्यास 'मेरिडियानी प्लॅनम' म्हणतात. परंतु प्रकरण येथें संपलें नाहीं. १९९७ सालीं मंगळाच्या कक्षेंत शिरलेल्या 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' या यानास या मैदानावर करड्या हेमटाइटची खूण आढळली. लोह व प्राणवायु यांच्या संयोगाचें हें खनिज पृथ्वीवर पुष्कळदां पाण्याच्या संगतींत घडतें. म्हणून २००४ च्या जानेवारींत 'ऑपॉर्च्युनिटी' ही सहा चाकांची यांत्रिक गाडी येथें उतरविण्यांत आली. योगायोग असा कीं, ती सुमारें २२ मीटर रुंदीच्या एका विवरांत घरंगळत जाऊन थांबली, आणि त्याच्या कडेलाच मूळ खडकाचे थर उघडे पडलेले होते. भूस्तरशास्त्रज्ञास याहून मोठें दैव तें कोणतें?

तो खडक वालुकामय, गंधकाच्या क्षारांनीं भरलेला निघाला. त्यांत आम्लधर्मी पाण्यांत तयार होणारें जारोसाइट सांपडलें. कांहीं थरांत उथळ वाहत्या पाण्यानें वाळूंत उमटवाव्या तशा वक्र रेघा होत्या. शिवाय मिरीच्या दाण्याएवढ्या हेमटाइटयुक्त गोळ्या थर न मोडतां सर्वत्र विखुरलेल्या होत्या. म्हणजे वाळू सांचल्यावर तींत मुरलेल्या पाण्यानें त्या जागच्या जागीं घडविल्या. मऊ खडक वाऱ्यानें झिजला, कठीण गोळ्या मैदानभर उरल्या. आकाशांतून दिसलेली खूण ती हीच.

या पुराव्यावरून इतिहास जुळतो तो असा: आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्याच जातीचा, म्हणजे बेसॉल्टचा, दगड आम्ल पाण्यानें कुजला, पाणी आटतांना क्षार मागें राहिले, वाऱ्यानें ती क्षारमिश्रित वाळू रचली, भूजल वर येई, सखल जागीं सांचे आणि पुनः आटे. या गोष्टीस साडेतीन अब्ज वर्षें तरी झालीं. असल्या खारट, आंबट पाण्यांत जीव रुजणें कठीणच. परंतु ९० दिवसांसाठीं पाठविलेली ती गाडी चालतच राहिली आणि २०११ सालीं २२ किलोमीटर रुंदीच्या 'एन्डेव्हर' विवरापाशीं पोंचली. तेथील अधिक जुन्या खडकांतील चिकणमातीच्या खनिजांनीं सांगितलें कीं, त्याआधींचें पाणी बरेंच सौम्य होतें. ४५ किलोमीटरांहून अधिक वाट चालून २०१८ च्या धुळीच्या वादळांत ती गाडी मुकी झाली.

मग फ्लामारिओनचें खरें ठरलें काय? कित्येकांस तसें म्हणण्याचा मोह होईल. आम्हांस तो मान्य नाहीं. पाणी होतें, पण डाग काळा दिसतो तो पाण्यामुळें नव्हे, बेसॉल्टच्या वाळूमुळें. नांव अर्धें खरें निघालें, त्याचें कारण सर्वस्वीं खोटें होतें. चुकीच्या वाटेनें लाभलेलें सत्य हें ज्ञान नव्हे, तो केवळ योग होय. इतिहासाच्या संशोधकानें, मग तो दप्तरें चाळो कीं दगड, हा भेद विसरूं नये.