गरिबीचे नियम कोण लिहितं?

२००६ साली ब्रुकलिनमधल्या काही शाळकरी मुलांनी ‘ग्लोबल किड्स’ ही संस्था आणि ‘गेमलॅब’ हा स्टुडिओ यांच्यासोबत एक व्हिडिओ गेम तयार केला : ‘आयिती : द कॉस्ट ऑफ लाइफ’. आयिती म्हणजे तिथल्या क्रेयोल भाषेत हैती. खेड्यातलं गिनार कुटुंब, आईवडील आणि तीन मुलं, चार वर्षं तगवायचं, एवढाच खेळ.

आधी ठरवायचं, प्राधान्य कशाला? आरोग्य, शिक्षण, पैसा की सुख? मग दर हंगामात कोण कामावर जाणार, कोण शाळेत, कोण घरी विश्रांती घेणार हे नेमायचं. मुलांची फी भरली की हातात पैसे उरत नाहीत. सगळ्यांना कामाला जुंपलं की कुणीतरी आजारी पडतं. औषधपाणी केलं की पुन्हा फी राहते. ‘गरीब लोक कष्ट करत नाहीत’ हे वाक्य खोडायला इथे भाषण लागत नाही. पोराला शाळेतून काढायचा निर्णय खेळणाऱ्या मुलालाच घ्यावा लागतो. मला या गेमचं मोल त्यात दिसतं.

पण माझी अडचण गेम जिथून सुरू होतो तिथे आहे. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये हैती स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती कशाची? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी ती फेडायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं. गिनारांच्या घरखर्चात हा हप्ता दिसत नाही. मग खेळणाऱ्याला वाटू शकतं, की नीट हिशेब ठेवला असता तर निभावलं असतं.

हा प्रश्न लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी शंभर वर्षं आधी सोडवून पाहिला होता. ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळालं. हेन्री जॉर्ज यांचा जमीन-कराचा विचार त्यांना पटावर मांडायचा होता. त्यात भाडं भरता भरता माणूस कंगाल होतो आणि पटावर ‘पुअर हाउस’ही आहे. पुढे त्यांनी त्याच पटाला नियमांचे दोन संच दिले : एकात मालक बाकीच्यांना बुडवतो, दुसऱ्यात संपत्ती सगळ्यांना मिळते. पार्कर ब्रदर्सनी १९३५ मध्ये ‘मोनोपॉली’साठी त्यांचं या खेळाचं नंतरचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं आणि पहिला संच तेवढा जगभर पोचला. सुट्टीत आपण खेळलो तो ‘व्यापार’ त्याच घराण्यातला.

मॅगीबाईंच्या पटावर गरिबीला कारण होतं, पण कुटुंब नव्हतं. ‘आयिती’त कुटुंब आहे, कारण नाही. मुलांसाठी असा गेम पुन्हा कुणी करणार असेल, तर मला दोन्ही एकाच पडद्यावर हवेत : एका बाजूला फीची पावती, दुसऱ्या बाजूला १८२५चा हप्ता.